युरोपात आपली मुले पोहोचली, आपले म्हणणे कधी पोहोचणार?

शिष्यवृत्ती मिळवून युरोपात शिकायला जाणाऱ्या आपल्या समाजातील मुलामुलींच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. गावात अभिनंदनाचा फलक लागतो, विहारात सत्कार होतो, आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येते. हा आनंद रास्तच आहे. पण त्या मुलीने कोणत्या विषयावर संशोधन करायचे, कोणत्या विषयाला पैसा मिळेल, कोणत्या देशाच्या विद्यापीठाला भागीदार म्हणून घेतले जाईल, हे तिने अर्ज करण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. ते ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात काम करताना महाविद्यालयीन मुले आम्हाला शिष्यवृत्तीचे अर्ज, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा यांबद्दल विचारतात. या लेखात आम्ही त्याच्या एक पायरी मागे जाऊन सांगणार आहोत. एखाद्या देशाच्या शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था युरोपच्या पातळीवर आपले प्रतिनिधित्व कसे उभे करतात, भारताची बाजू तिथे कोण मांडते, आणि या साखळीत आपला जिल्हा व आपला समाज कुठे आहे, हे समजून घेऊ.

जाणे वेगळे, प्रतिनिधित्व वेगळे

प्रतिनिधित्व हा शब्द आपल्याला बाबासाहेबांनी शिकवला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी केली. दुसऱ्या कोणी सहानुभूतीने आपली बाजू मांडणे आणि आपण स्वतः मांडणे यांत फरक आहे, हा त्या मागणीचा गाभा होता.

बाबासाहेबांच्या युरोपातील प्रवासांकडे या नजरेने पाहावे. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना मध्येच परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले. हा एका विद्यार्थ्याचा प्रवास होता. १९३० मध्ये ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा मात्र ते आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. शहर तेच होते, माणूस तोच होता, पण या वेळी त्यांच्यामागे समाज होता आणि समोर निर्णय घेणारे होते.

आपली आजची मुले पहिल्या प्रकारचा प्रवास करत आहेत. दुसऱ्या प्रकारचा प्रवास शिक्षण आणि संशोधनाच्या क्षेत्रात अजून व्हायचा आहे.

ब्रसेल्समध्ये काय ठरते?

युरोपियन युनियन हा २७ देशांचा संघ आहे. बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स हे त्याच्या कारभाराचे मुख्य ठिकाण. संघाचे अंदाजपत्रक सात वर्षांचे असते आणि त्यातच शिक्षण व संशोधनाचे मोठे कार्यक्रम बसवलेले असतात. २०२१ ते २०२७ या काळात संशोधनासाठी ‘होरायझन युरोप’ हा कार्यक्रम आहे, त्याची रक्कम सुरुवातीला सुमारे ९५.५ अब्ज युरो ठरली होती. शिक्षण आणि विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी ‘इरॅस्मस प्लस’ आहे, त्याची रक्कम सुमारे २६ अब्ज युरो. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे लक्षात घेतले की या रकमांचा आवाका कळतो.

हा पैसा वाटण्याची रीत अशी. युरोपियन आयोग प्रस्ताव मांडतो. सदस्य देशांची परिषद आणि युरोपियन संसद त्याला मान्यता देतात. त्यानंतर आयोग साधारण दोन-दोन वर्षांचे कार्य-आराखडे तयार करतो. पाण्याचे प्रदूषण, लस, शेतीतील हवामानबदल, स्थलांतर, सामाजिक विषमता असे नेमके विषय या आराखड्यांत येतात. मसुद्यावर सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या समित्या चर्चा करतात. सर्वांत शेवटी प्रस्ताव मागवले जातात आणि तेव्हाच ती जाहिरात आपल्यासारख्यांच्या नजरेस पडते.

म्हणजे जाहिरात निघते तेव्हा विषय ठरलेला असतो. मसुद्याच्या वेळी ज्याचा माणूस तिथे होता, त्याचा विषय आत गेलेला असतो. बाकीच्यांनी त्या चौकटीत स्वतःला बसवायचे.

सध्याची वेळ म्हणूनच महत्त्वाची आहे. २०२८ ते २०३४ या पुढच्या सात वर्षांसाठी युरोपियन आयोगाने जुलै २०२५ मध्ये प्रस्ताव मांडला. त्यात संशोधनासाठी १७५ अब्ज युरो आणि इरॅस्मससाठी सुमारे ४१ अब्ज युरो सुचवले आहेत.

देश आपली जागा कशी तयार करतात?

वेगवेगळ्या देशांचा अनुभव पाहिला तर त्यात काही समान पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी म्हणजे घरात एकत्र येणे. एका विद्यापीठाचे ब्रसेल्समध्ये कोणी ऐकत नाही. म्हणून देशातील विद्यापीठे, संशोधन परिषदा, निधी देणाऱ्या संस्था आधी एका छत्राखाली येतात. नेदरलँड्सचे उदाहरण पाहा. तेथील विद्यापीठे, व्यवसायाभिमुख उच्चशिक्षण संस्था, व्यावसायिक प्रशिक्षण देणाऱ्या शाळा, संशोधन निधी संस्था आणि विज्ञान अकादमी यांनी मिळून ‘नेथ-ईआर’ ही संघटना उभी केली. आपल्या भाषेत सांगायचे तर विद्यापीठ आणि आयटीआय एकाच कार्यालयातून बोलतात.

दुसरी पायरी म्हणजे ब्रसेल्समध्ये कायमचे कार्यालय आणि त्यात पगारी माणसे. ब्रिटनच्या संशोधन परिषदांनी १९८४ मध्येच ‘यूके रिसर्च ऑफिस’ तिथे उघडले. ब्रिटनमधील विद्यापीठे त्याची वर्गणी भरतात. त्या बदल्यात त्यांना बातमी लवकर मिळते, नियम समजावून सांगितले जातात, प्रशिक्षण मिळते, ब्रसेल्सला आलेल्या संशोधकाला बैठकीसाठी जागा मिळते. जर्मनीच्या विज्ञानसंस्थांनी मिळून चालवलेल्या ‘कोवी’ या केंद्राची कार्यालये बॉन आणि ब्रसेल्समध्ये आहेत. अशा अनेक देशांच्या कार्यालयांचा आपसात एक अनौपचारिक गट आहे, त्याचे नाव ‘इग्लो’. त्यामुळे एका देशाला कळलेली गोष्ट दुसऱ्यालाही कळते.

तिसरी पायरी म्हणजे युरोपभरच्या महासंघात सदस्यत्व. ‘युरोपियन युनिव्हर्सिटी असोसिएशन’ २००१ मध्ये स्थापन झाली. तिच्यात आठशेहून अधिक विद्यापीठे आहेत आणि प्रत्येक देशाच्या कुलगुरू परिषदाही सदस्य आहेत. संशोधनाला निधी देणाऱ्या व संशोधन करणाऱ्या संस्थांची ‘सायन्स युरोप’ ही संघटना २०११ मध्ये निघाली. देश आपले म्हणणे सरकारमार्फत मांडतो आणि त्याच वेळी या महासंघांमार्फतही मांडतो. एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे राहते.

चौथी पायरी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती विद्यार्थ्यांची. १९८२ मध्ये सात देशांच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनांनी एकत्र येऊन एक माहिती केंद्र सुरू केले. तेच आज ‘युरोपियन स्टुडंट्स युनियन’ म्हणून ओळखले जाते. १९९९ मध्ये २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी बोलोन्या येथे पदव्यांच्या रचनेत सारखेपणा आणण्याचे ठरवले. त्या प्रक्रियेत ही विद्यार्थी संघटना आज सल्लागार सदस्य आहे. पदवी किती वर्षांची असावी, श्रेयांक कसे मोजावेत, शिक्षणाचा सामाजिक पैलू काय, या चर्चेत विद्यार्थ्यांचा माणूस मंत्र्यांच्या बैठकीत बसतो.

युरोपियन युनियनचे सदस्य नसलेल्या देशांचे काय? स्वित्झर्लंड सदस्य नाही. तरी त्याच्या संशोधन आणि शिक्षणाचे ‘स्विसकोअर’ हे कार्यालय ब्रसेल्समध्ये आहे. २०२१ मध्ये राजकीय वाटाघाटी फिसकटल्या आणि स्वित्झर्लंड होरायझनच्या पूर्ण सहभागातून बाहेर पडला, पण कार्यालय बंद केले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा करार झाला. ब्रिटनही संघातून बाहेर पडल्यानंतर जानेवारी २०२४ पासून होरायझनशी संलग्न झाला. न्यूझीलंड, कॅनडा आणि दक्षिण कोरिया हे तर युरोपच्या बाहेरचे देश, तेही गेल्या काही वर्षांत होरायझनच्या काही भागाशी संलग्न झाले आहेत. संलग्न देशांचे प्रतिनिधी कार्यक्रम समित्यांमध्ये निरीक्षक म्हणून बसतात. त्यांना मत नसते, पण मसुदा डोळ्यांसमोर असतो आणि बोलता येते.

भारताची बाजू कोण मांडते?

भारत आणि युरोपियन युनियन यांच्यात विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार २३ नोव्हेंबर २००१ रोजी झाला. पुढे त्याची मुदत वाढवली गेली. या कराराचा कारभार आपल्याकडून मुख्यतः केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग पाहतो. ब्रसेल्समध्ये भारताचा दूतावास आहे. काही देशांशी वेगळी व्यवस्था आहे. फ्रान्ससोबत १९८७ पासून संयुक्त संशोधन केंद्र आहे. जर्मनीसोबत २०१० पासून विज्ञान-तंत्रज्ञान केंद्र आहे. विद्यापीठांच्या बाजूने ‘भारतीय विद्यापीठ संघ’ आहे. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झालेल्या या संघाने अनेक वर्षे परदेशी पदव्यांची समकक्षता ठरवण्याचेही काम केले आहे.

पैशाचा एक मुद्दा इथे समजून घ्यावा लागेल. २०१४ पर्यंत युरोपच्या संशोधन प्रकल्पात भारतीय संस्था भागीदार असेल तर तिला युरोपकडून निधी मिळू शकत असे. २०१४ पासून नियम बदलले. भारतीय संस्था आजही भागीदार होऊ शकते, पण ठरावीक अपवाद सोडता तिला आपला खर्च आपण आणावा लागतो. काही निवडक विषयांसाठी, उदाहरणार्थ पाणी आणि इन्फ्लुएन्झाची लस, केंद्र सरकारच्या विभागांनी युरोपसोबत मिळून प्रस्ताव मागवले आणि भारतीय भागीदारांचा खर्च उचलला. म्हणजे भारतीय संस्थेला युरोपच्या प्रकल्पात जायचे असेल तर दोन ठिकाणी विषय मंजूर व्हावा लागतो, ब्रसेल्समध्ये आणि दिल्लीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपियन आयोगाने भारताविषयीचा नवा धोरणात्मक कार्यक्रम मांडला. भारताला होरायझन युरोपशी संलग्न करण्याची शक्यता तपासण्याचा विचार त्यात आहे. तसे झाले तर भारत केवळ अर्ज करणारा देश राहणार नाही, समितीत बसणारा देश होईल. मग प्रश्न उरतो तो हा की ‘भारत’ म्हणून तिथे कोण बसेल आणि त्याच्या फाइलमध्ये कोणाचे विषय असतील.

अहिल्यानगरपासून वाट कशी जाते?

आपल्या जिल्ह्यातील एखादे कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालय घ्या. ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असते. महाविद्यालयातील प्राध्यापकाला एखादा विषय मांडायचा असेल तर तो विद्यापीठाकडे, तिथून विद्यापीठ संघाकडे किंवा अनुदान आयोगाकडे, तिथून मंत्रालयाकडे आणि मग दूतावासाकडे, असा लांबचा प्रवास करतो. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची वाट वेगळी आहे. ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेमार्फत जाते. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्चशिक्षण प्रकल्पात राहुरीला हवामान-अनुकूल शेती आणि पाणी व्यवस्थापनाचे केंद्र मिळाले, तेही या परिषदेच्या माध्यमातूनच. मोठा पैसा जिल्ह्यात येतो तेव्हा तो अशाच राष्ट्रीय छत्राखालून येतो.

पण आपल्या जिल्ह्याने या लांबच्या वाटेशिवायही युरोपपर्यंत मजल मारल्याची दोन उदाहरणे आहेत.

जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत दलित स्त्रियाही होत्या. पाच वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हाहून १९७५ मध्ये जगभरातील लोकाधारित आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढले. त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचा स्वतंत्र लेख होता. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे जगातील देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, त्याआधीच्या विचारमंथनात जामखेडचा अनुभव होता. जामखेडचे कार्यालय जिनिव्हात नव्हते. पण काम होते, त्याची नोंद होती आणि ती योग्य वेळी योग्य टेबलावर पोहोचली.

दुसरे उदाहरण पाणलोटाचे. मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट फादर हर्मन बाकर अनेक दशके या भागात राहिले. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये अहमदनगरमध्ये ‘वॉटर’ म्हणजे ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन झाली. जर्मन सरकारचा निधी तेथील विकास बँकेतून नाबार्डकडे आणि तिथून गावांकडे आला. गावांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान या अटी पाळल्या. गावाची भाषा जाणणारा आणि जर्मन मंत्रालयाची भाषाही जाणणारा माणूस मध्ये होता, म्हणून हे जमले.

दोन्ही उदाहरणे अभिमानाची आहेत. पण दोन्हींत जिल्ह्याची बाजू मांडणारी माणसे असामान्य होती. असामान्य माणसांची वाट पाहत बसणे ही व्यवस्था होऊ शकत नाही. नेदरलँड्स किंवा स्वित्झर्लंड असे नशिबावर सोडत नाहीत. ते कार्यालय उघडतात.

आपण नसताना ठरलेले नियम

टेबलावर आपला माणूस नसला की काय होते, याचे उदाहरण युरोपात शोधायला नको. अनुसूचित जातींसाठी केंद्राची ‘राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती’ आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. या विषयांचा अभ्यास भारतातच करता येतो, असे कारण दिले गेले.

याचा अर्थ नीट पाहा. जातिव्यवस्थेवर परदेशात संशोधन करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलीला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला होता. आजच्या नियमात तो विषय बसला नसता. ज्यांच्यासाठी ही शिष्यवृत्ती आहे, त्यांच्याशी चर्चा करून हा नियम झाला असता तर तो असा झाला असता का?

२०२५ मध्ये याच शिष्यवृत्तीसाठी निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधीच्या मंजुरीसाठी थांबावे लागले. युरोपातील प्रत्येक विद्यापीठ प्रवेशाची तारीख पुढे ढकलेलच असे नाही. अशा वेळी विद्यापीठाशी, दूतावासाशी आणि मंत्रालयाशी एकाच वेळी बोलू शकेल अशी संघटित व्यवस्था विद्यार्थ्यांच्या पाठीशी हवी. आज प्रत्येक मूल एकटे ईमेल लिहिते.

आपल्याच चळवळीने दाखवलेला मार्ग

आपल्या लोकांनी युरोपात प्रतिनिधित्व उभे केले नाही असे मात्र नाही. मानवी हक्कांच्या क्षेत्रात ते झाले आहे. १९९८ मध्ये भारतात दलित मानवी हक्कांची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २००० मध्ये ‘इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क’ स्थापन झाले, त्याचे कार्यालय डेन्मार्कमधील कोपनहेगनला आहे. भारत, नेपाळ आणि इतर देशांतील दलित मंच आणि युरोपातील देशोदेशीचे सहयोगी गट त्यात एकत्र आले. युरोपियन संसदेने २००७, २०१२ आणि २०१३ मध्ये जातिआधारित भेदभावावर ठराव केले. हे ठराव कोणावर बंधनकारक नाहीत. पण ‘जात’ हा शब्द युरोपच्या अधिकृत कागदावर आला तो अशा चिकाटीमुळे.

या कामाची रचना पाहिली तर ती वर सांगितलेल्या पायऱ्यांचीच आहे. आधी देशात एकत्र येणे, मग कायमचे कार्यालय, मग महासंघ, मग संसद. मानवी हक्कांसाठी जे जमले ते शिक्षण-संशोधनासाठी जमू शकते.

युरोपात आपल्याला नैसर्गिक सोबतीही आहेत. हंगेरीतील शायोकाझा या गावात रोमा समाजाच्या मुलांसाठी २००७ मध्ये सुरू झालेल्या शाळेला डॉ. आंबेडकरांचे नाव आहे आणि ती चालवणारे ‘जय भीम’ म्हणतात. वेगळ्या वर्गात बसवले जाणे, शिक्षण अर्ध्यावर सुटणे हे रोमा मुलांचे अनुभव आपल्याला ओळखीचे आहेत. सामाजिक विषमतेवरील युरोपीय प्रकल्पात रोमा आणि बौद्ध मुलांचा तुलनात्मक अभ्यास हा विषय कोणीतरी मांडला पाहिजे. आपण मांडला नाही तर तो कोण मांडणार?

आपण काय करू शकतो?

ब्रसेल्समध्ये कार्यालय उघडणे उद्या होणार नाही. पण त्याआधी करता येण्यासारखी कामे बरीच आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पैसा लागत नाही.

१. महाविद्यालये आणि संस्थांनी नोंदणी करावी. युरोपियन युनियनच्या निधी पोर्टलवर जगातील कोणतीही नोंदणीकृत संस्था नाव नोंदवून नऊ अंकी सहभागी क्रमांक घेऊ शकते. हा क्रमांक नसेल तर कोणत्याही प्रकल्पात भागीदार म्हणून नाव घालता येत नाही. होरायझनच्या नेहमीच्या प्रकल्पाला किमान तीन वेगवेगळ्या देशांतील संस्था लागतात. त्यांतील एक तरी सदस्य देशातील आणि बाकी दोन सदस्य किंवा संलग्न देशांतील हव्यात. आपण त्यांच्यासोबत चौथे-पाचवे भागीदार होऊ शकतो.

२. प्राध्यापकांनी तज्ज्ञ म्हणून नाव द्यावे. प्रस्तावांचे मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांच्या यादीत युरोपबाहेरचे अभ्यासकही अर्ज करू शकतात. मूल्यमापन करणाऱ्याला चांगला प्रस्ताव कसा असतो हे आतून कळते. आपल्या समाजातील पीएच.डी. झालेल्या प्राध्यापकांनी ही संधी सोडू नये.

३. मसुद्यावर मत नोंदवावे. युरोपियन आयोग आपल्या अनेक प्रस्तावांवर सार्वजनिक अभिप्राय मागवतो आणि युरोपबाहेरील संस्था-व्यक्तींनाही मत देता येते. जिल्ह्यातील पाच संस्थांनी मिळून दोन पानांचे मत इंग्रजीत पाठवले तरी ते अधिकृत नोंदीत जाते.

४. विद्यापीठाच्या अधिसभेकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून १० सदस्य निवडले जातात. त्यांतील पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक अशा राखीव आहेत. आपले किती पदवीधर मतदार म्हणून नोंदले गेले आहेत? विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय करार कोणत्या विषयांवर होतात, ग्रामीण महाविद्यालयांना त्यात जागा का नाही, हे विचारण्याचे ठिकाण अधिसभा आहे.

५. गेलेल्या मुलांनी परत हात द्यावा. इरॅस्मस मुंडस आणि मारी क्युरी शिष्यवृत्ती घेतलेल्यांच्या माजी विद्यार्थी संघटना युरोपात सक्रिय आहेत. आपल्या मुलांनी त्यांत सदस्य व्हावे, पदे घ्यावीत. त्यांच्याकडून जिल्ह्याला पैशाची अपेक्षा नाही. मसुदा निघाला, बैठक ठरली, भागीदार हवा आहे, एवढी बातमी त्यांनी वेळेवर द्यावी.

६. कामाची नोंद ठेवावी. जामखेडने हे दाखवून दिले आहे. वसतिगृहे, अभ्यासिका, ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण, अत्याचारग्रस्त कुटुंबांसोबतचे काम, हे सारे आपण करतो. पण किती मुले आली, किती टिकली, कशामुळे सुटली, याचे आकडे आणि अनुभव वर्षानुवर्षे लिहून ठेवत नाही. नोंद नसलेले काम कोणत्याही टेबलावर मांडता येत नाही.

शासनाकडे एक मागणी

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडनमधील ज्या घरात राहत होते, ते १० किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे आज स्मारक आहे आणि ते आपल्या सर्वांच्या आदराचे ठिकाण आहे. त्या स्मारकाशी जोडून विद्यार्थी आणि संशोधकांसाठी एक छोटा संपर्क कक्ष सुरू करावा, अशी आमची मागणी आहे. युरोपातील शिष्यवृत्त्या, संशोधन प्रकल्प आणि धोरणांचे मसुदे यांची माहिती महाराष्ट्रातील विद्यापीठांना व सामाजिक न्याय विभागाला कळवणे, आणि अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याची बाजू मांडणे, एवढे काम त्याने करावे. दोन-तीन प्रशिक्षित माणसे त्यासाठी पुरतील. ब्रिटन आता युरोपियन युनियनमध्ये नसला तरी होरायझनशी संलग्न आहे, त्यामुळे तिथून हे काम होऊ शकते. पुढे गरज पडली तर ब्रसेल्सचा विचार करता येईल.

ही मागणी एका लेखाने पूर्ण होणार नाही. जिल्ह्यातील संस्था, प्राध्यापक संघटना, विद्यार्थी आणि परदेशात असलेले आपले बांधव यांनी मिळून शासनाला निवेदन द्यावे लागेल आणि पाठपुरावा करावा लागेल. आपल्या तालुक्यात यासाठी बैठक घ्यायची असेल तर जवळच्या विहारापासून सुरुवात करावी. पहिल्या बैठकीत दोनच गोष्टी ठरवाव्यात. आपल्या भागातील किती पदवीधरांची विद्यापीठाकडे नोंदणी झाली आहे याची यादी कोण करणार, आणि कोणत्या संस्थेचा सहभागी क्रमांक आधी काढायचा.

जय भीम! नमो बुद्धाय!